ग्रंथालयातील सार्वजनिक संगणकाचा वापर

वाचकांना इंटरनेटचा (आंतरजालाचा) उपयोग करता यावा म्हणून सार्वजनिक ग्रंथालयाने उपलब्ध करून दिलेला संगणक आणि त्याच्या वापराला ग्रंथालयाने घालून दिलेल्या मर्यादा, असा दुहेरी आशय या विषयात अभिप्रेत आहे. ग्रंथालयातील पुस्तक आणि ग्रंथालयातील संगणक यांत एक मूलभूत फरक आहे. पुस्तक वाचून वाचक उठून गेला, की त्याने काय वाचले याची खूण पुस्तकात राहत नाही. संगणकावर मात्र ती राहते. भेट दिलेल्या संकेतस्थळांची यादी, उघडे राहिलेले पत्रखाते, उतरवून घेतलेली कागदपत्रे या रूपांनी एका वाचकाचा व्यवहार दुसऱ्या वाचकापुढे येऊ शकतो. शिवाय पुस्तक वाचणारा वाचक केवळ ग्रहण करीत असतो, तर संगणक वापरणारा त्याच जागेवरून बाहेरच्या जगाशी व्यवहार करतो. अर्ज भरतो, पैसे पाठवितो, मजकूर प्रसिद्ध करतो. त्यामुळे ग्रंथदेवघेवीचे परंपरागत नियम येथे अपुरे पडतात. शेजारच्या वाचकांना उपद्रव होऊ नये आणि कायद्याचा भंग होऊ नये, या दोन हेतूंनी केलेले नियम बहुतेक ठिकाणी आढळतात. वापर करणाऱ्याचे स्वतःचे रक्षण हा तिसरा हेतू होय. त्याकडे तुलनेने दुर्लक्ष झालेले दिसते.

पार्श्वभूमी : भारतात विदेश संचार निगम लिमिटेड या तत्कालीन शासकीय कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. प्रारंभी ही सेवा महाग होती व घरी संगणक असणारी कुटुंबे थोडी होती. त्यामुळे शहरांतून व पुढे तालुक्यांच्या गावांतून तासावर भाडे आकारणारी ‘सायबर कॅफे’ नावाची दुकाने निघाली आणि सार्वजनिक संगणक ही कल्पना महाराष्ट्रात प्रथम दुकानाच्या रूपाने रुजली. ग्रामीण भागातील आरंभीचा उल्लेखनीय प्रयत्न म्हणजे कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा खोऱ्यात १९९८ मध्ये हाती घेण्यात आलेला प्रकल्प होय. त्यात सहकारी संस्थांच्या आधाराने सु. ७० गावांत संगणक केंद्रे स्थापन करण्याची योजना होती. ऊस उत्पादकांचे हिशेब हा या केंद्रांचा मुख्य उपयोग ठरला. वाचन वा अभ्यास हे त्यांचे प्रधान कार्य नव्हते.

ब्रिटनमध्ये वेगळा मार्ग स्वीकारण्यात आला. तेथे राष्ट्रीय लॉटरीच्या निधीतून सु. १० कोटी पौंड खर्चून २००२ च्या अखेरीपर्यंत सु. ४,००० सार्वजनिक ग्रंथालयांत इंटरनेटयुक्त संगणक बसविण्यात आले आणि संगणक हा ग्रंथालयसेवेचाच भाग मानला गेला. त्याच वर्षी ग्रंथालय संस्थांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने इंटरनेटविषयक जाहीरनामा प्रसिद्ध करून माहितीच्या मुक्त उपलब्धतेचे आणि वाचकाच्या खाजगीपणाचे तत्त्व संगणकालाही लागू केले. भारतात संस्कृती मंत्रालयाच्या राष्ट्रीय ग्रंथालय अभियानाचा आरंभ फेब्रुवारी २०१४ मध्ये झाला. निवडक ग्रंथालयांचे संगणकीकरण व इंटरनेट जोडणी हा त्याच्या उद्दिष्टांपैकी एक भाग होता.

महाराष्ट्राची ग्रंथालयव्यवस्था महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ या कायद्यावर आधारलेली आहे. काही अन्य राज्यांप्रमाणे येथे ग्रंथालय कर बसविलेला नाही. गावोगावची ग्रंथालये स्थानिक नोंदणीकृत संस्था चालवितात व त्यांना ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ अशा वर्गवारीनुसार शासकीय अनुदान मिळते. शासनमान्य ग्रंथालयांची संख्या बारा हजारांच्या आसपास आहे. या रचनेचा प्रस्तुत विषयाशी निकटचा संबंध आहे. संगणक घेणे, त्याचे वेळापत्रक ठरविणे, वापराचे नियम करणे ही सर्व कामे प्रत्यक्षात त्या त्या ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळाकडे येतात. खालच्या वर्गाच्या ग्रंथालयात एकच सेवक ग्रंथपाल, लिपिक व शिपाई या तिन्ही भूमिका पार पाडीत असतो. अशा ठिकाणी भिंतीवर दिसणारी नियमावली पुष्कळदा सायबर कॅफेतील फलकावरून जशीच्या तशी उतरवून घेतलेली असते आणि नियमांतील दोषांचे मूळ येथेच आहे.

गरजेतील बदल : २०१६ नंतर भ्रमणध्वनीवरील इंटरनेट स्वस्त झाल्यामुळे सार्वजनिक संगणकाची गरज संपली, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. गरज संपली नसून तिचे स्वरूप पालटले. बातम्या, चित्रफिती व निरोप यांसाठी लोक भ्रमणध्वनी वापरू लागले. परंतु लांबलचक अर्ज भरणे, प्रमाणपत्रे ठराविक आकारात चढविणे, मराठीत पत्र टंकलिखित करणे आणि कागदावर छापील प्रत काढणे यांसाठी मोठा पडदा, कळफलक व मुद्रक (प्रिंटर) लागतो. म्हणजे सार्वजनिक संगणकावर आता करमणुकीपेक्षा महत्त्वाची व अधिक नाजूक कामे होतात.

पालघर जिल्ह्याच्या किनारपट्टीवरून हे स्पष्ट होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. पालघर तालुक्यातील केळवे हे अरबी समुद्राकाठचे गाव शीतलादेवीचे मंदिर, पोर्तुगीजकालीन किल्ला, सुरूच्या बनाने वेढलेली पुळण आणि लगतच्या माहीमप्रमाणेच विड्याच्या पानांचे मळे यांसाठी प्रसिद्ध आहे. पश्चिम रेल्वेवरील केळवे रोड स्थानक गावापासून काहीसे आत आहे. उत्तरेस बोईसरजवळ तारापूर औद्योगिक वसाहत असून तारापूर अणुवीज केंद्रातून १९६९ पासून वीजनिर्मिती सुरू झाली. बागायतदार, मच्छीमार, पर्यटकांना घरगुती निवास व भोजन पुरविणारी कुटुंबे, रेल्वेने वसई-मुंबईकडे जाणारे नोकरदार, कारखान्यांतील परप्रांतीय कामगार आणि जिल्ह्याच्या अंतर्भागातून शिक्षणासाठी आलेले आदिवासी विद्यार्थी अशी येथील वस्ती संमिश्र आहे. अशा गावाच्या वाचनालयात वाचकांसाठी एखाद-दुसरा संगणक ठेवल्यास त्यावर कोणती कामे येतील, हे सांगणे अवघड नाही. बागायतदाराला सातबाराचा डिजिटल स्वाक्षरीचा उतारा हवा असतो. ही सोय राज्यात २०१८ पासून आहे. निवासव्यवस्था चालविणाऱ्याला पर्यटकांच्या मागण्या पाहून उत्तरे पाठवायची असतात. कामगाराला भविष्यनिर्वाह निधीचे खाते तपासावयाचे असते. विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा असतो. २०२५-२६ पासून इयत्ता अकरावीचे प्रवेश सर्व राज्यात संगणकीय पद्धतीने होऊ लागल्याने पूर्वी केवळ महानगरांत जाणवणारी ही निकड खेड्यातही पोहोचली आहे. यांपैकी प्रत्येक कामात आधार क्रमांक, बँक खाते, परवलीचा शब्द (पासवर्ड) किंवा भ्रमणध्वनीवर येणारा एकवार संकेतांक (ओटीपी) गुंतलेला असतो. अश्लील संकेतस्थळे पाहू नयेत एवढेच सांगणारा फलक या वाचकांच्या फारसा उपयोगाचा नाही.

कायदेशीर चौकट : या विषयाचा आधारभूत कायदा म्हणजे १७ ऑक्टोबर २००० पासून अंमलात आलेला माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा होय. दुसऱ्याच्या संगणकात परवानगीविना शिरकाव करणे, विषाणू सोडणे, माहिती नष्ट करणे किंवा चोरणे ही कृत्ये कलम ४३ व ६६ खाली येतात. २००८ च्या सुधारणेने (अंमल २७ ऑक्टोबर २००९) दुसऱ्याचा परवलीचा शब्द वा इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी लबाडीने वापरणे (६६ ग) आणि संमतीविना खाजगी अवयवांचे चित्रण प्रसृत करणे (६६ ङ) हे गुन्हे स्वतंत्रपणे नमूद झाले. अश्लील मजकूर प्रसिद्ध वा प्रसारित करणे कलम ६७ नुसार दंडनीय आहे. बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे असल्यास कायदा अधिक कठोर होतो. कलम ६७ ख अन्वये तशी चित्रे नुसती शोधणे, पाहणे वा उतरवून घेणे हाही गुन्हा ठरतो. याच सुधारणेत आलेले कलम ६६ क हे त्रासदायक वा आक्षेपार्ह संदेशांविषयीचे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरविले. तरीही त्या कलमाचा धाक दाखविणारे फलक काही ठिकाणी दीर्घकाळ टिकून राहिले. केवळ अप्रिय मत व्यक्त केले म्हणून वाचकास संगणकावरून उठविण्यास त्या कलमाचा आधार घेता येत नाही.

सायबर कॅफेसंबंधीचे केंद्र शासनाचे नियम एप्रिल २०११ मध्ये अधिसूचित झाले. त्यांनुसार ओळखपत्र पाहिल्याशिवाय कोणासही संगणक देता येत नाही. ओळखपत्राची प्रत आणि नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, संगणकाचा क्रमांक, वापराच्या प्रारंभाची व समाप्तीची वेळ यांची नोंद किमान एक वर्ष जपावी लागते. भेट दिलेल्या संकेतस्थळांची नोंदही तितकाच काळ ठेवावी लागते. दोन आसनांमधील आडोसा साडेचार फुटांहून उंच नसावा, आडोसा नसलेल्या संगणकांचे पडदे मोकळ्या जागेकडे तोंड करून असावेत, ओळखपत्र नसलेल्या अल्पवयीन मुलाबरोबर प्रौढ व्यक्ती असावी, अशा तरतुदीही त्यांत आहेत.

हे नियम ग्रंथालयास लागू होतात काय, हा प्रश्न वारंवार उपस्थित होतो. अधिनियमातील व्याख्येनुसार नेहमीच्या व्यवसायाच्या ओघात जनतेस इंटरनेट उपलब्ध करून देणारी सुविधा म्हणजे सायबर कॅफे. विनाशुल्क किंवा नाममात्र शुल्काने वाचकांस संगणक वापरू देणारी, नफ्याचा हेतू नसलेली संस्था या शब्दांत बसते असे मानण्यास सबळ कारण दिसत नाही; तथापि व्याख्येची शब्दरचना सैल असल्याने सावध कार्यकारी मंडळे हे नियम पाळणेच पसंत करतात. वेळेची व वाचकाची साधी नोंद ठेवणे उचितच आहे, कारण त्या संगणकावरून गुन्हा घडल्यास तपासाला तेवढाच धागा मिळतो. मात्र कोणत्या वाचकाने कोणती संकेतस्थळे पाहिली याची यादी साठविणे, हे त्याने कोणती पुस्तके वाचली याची यादी पोलिसांसाठी तयार ठेवण्यासारखे आहे. ग्रंथालयाच्या परंपरेत ते बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत केला. ज्या कामासाठी माहिती घेतली त्या कामापुरतीच ती वापरावी, हे त्याचे मुख्य तत्त्व. कागदी नोंदवही या कायद्याच्या कक्षेत थेट येत नाही; तीच नोंद संगणकात उतरविली की येते. तरीही व्यवहारात कागदी वहीच अधिक धोक्याची ठरते. ती टेबलावर उघडी असते आणि सही करणाऱ्या प्रत्येकास तीत आधीच्या वाचकांचे भ्रमणध्वनी क्रमांक वाचता येतात. स्त्रिया व मुली संगणकाकडे न फिरकण्याचे हे एक साधे कारण असू शकते. प्रत्येक वाचकासाठी स्वतंत्र चिठ्ठी भरून ती बंद पेटीत टाकण्याची पद्धत त्यामुळे श्रेयस्कर होय.

केरळ उच्च न्यायालयाने फहीमा शिरीन खटल्यात (२०१९) इंटरनेटची उपलब्धता शिक्षणाच्या व खाजगीपणाच्या हक्काशी जोडली. तो वाद विद्यार्थिनी वसतिगृहातील भ्रमणध्वनीच्या वापराचा होता. पण शिस्तीच्या नावाखाली संस्थेने किती बंधने घालावीत, हा त्यातील प्रश्न ग्रंथालयांनाही जवळचा आहे.

गाळणी प्रणाली : अनिष्ट संकेतस्थळे आपोआप अडविणाऱ्या प्रणालींचा वाद प्रामुख्याने अमेरिकेत झाला. तेथील २००० च्या बालसंरक्षण कायद्याने केंद्रीय अनुदान घेणाऱ्या ग्रंथालयांवर अशा प्रणालीची सक्ती केली व सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये तो कायदा वैध ठरविला. मात्र प्रौढ वाचकाने मागणी केल्यास प्रणाली दूर करता येते, यावर निर्णयात भर होता. या प्रणाली शब्द ओळखतात, अर्थ नव्हे. त्यामुळे स्तनाच्या कर्करोगाची माहिती अडते आणि निराळ्या लिपीतील वा चित्ररूप अश्लीलता सुटून जाते. देवनागरी मजकुराच्या बाबतीत हा दोष अधिक जाणवतो. मुलांसाठी राखलेल्या संगणकावर प्रणाली असावी, प्रौढांच्या संगणकावर नियम व माफक देखरेख पुरेशी मानावी, हा मध्यम मार्ग होय.

पडद्याची दिशा हाही याच वादाचा भाग आहे. पडदा मोकळ्या जागेकडे असल्यास गैरवापरास आळा बसतो खरा. पण त्याच वेळी पाठीमागे वर्तमानपत्र वाचत बसलेल्यास बँकेचे खाते दिसते. बाजूने पाहणाऱ्यास काळा दिसणारा पातळ पापुद्रा पडद्यावर लावणे आणि आसन भिंतीपासून थोडे तिरपे ठेवणे, या उपायांनी पडद्यावर काय चालले आहे याची स्थूल कल्पना ग्रंथपालास राहते, परंतु अक्षरे वाचता येत नाहीत.

वापराचे नियम : संगणक एकच आणि वाचक अनेक असल्यास प्रत्येकास साधारणतः अर्धा तास देण्याची प्रथा आहे. बातम्या पाहण्यास तो पुरतो, प्रवेशअर्ज भरण्यास पुरत नाही. अर्धवट भरलेला अर्ज वेळ संपल्याने बंद करावा लागला, तर वाचकाचा दिवसच नव्हे, कधी प्रवेशही हुकतो. म्हणून कामाच्या स्वरूपानुसार वेळ वाढवून देण्याची मुभा ग्रंथपालास असावी आणि दहावी-बारावीच्या निकालानंतरच्या दिवसांत अर्जांना अग्रक्रम द्यावा. रेल्वेने ये-जा करणाऱ्यांसाठी संध्याकाळची काही वेळ राखून ठेवणे केळव्यासारख्या गावी आवश्यक ठरते. किनाऱ्यावर पावसाळ्यात वीज वारंवार जाते. तेवढ्यात गेलेला वेळ वाचकाच्या वाट्यातून वजा करू नये. (खाऱ्या हवेने यंत्राचे भाग लवकर गंजतात, ही अडचण नियमांनी सुटणारी नाही. यंत्रावर आच्छादन घालणे व ते रोज काही वेळ चालू ठेवणे एवढेच करता येते.)

सर्वांत महत्त्वाचा नियम म्हणजे वापर संपल्यावर संगणक कोरा करणे. वाचकाने प्रत्येक खात्यातून रीतसर बाहेर पडावे, परवलीचा शब्द जतन करण्याविषयी संगणकाने विचारल्यास नकार द्यावा आणि उतरवून घेतलेली कागदपत्रे पुसून टाकावीत, असे नियमावलीत सांगितलेले असते. पण हे सर्व वाचकाच्या स्मरणशक्तीवर सोपविणे योग्य नव्हे. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की त्यातील नव्या नोंदी नाहीशा होऊन तो मूळ स्थितीत येईल, अशी व्यवस्था करणाऱ्या प्रणाली मिळतात. ती शक्य नसेल, तर न्याहाळक (ब्राउझर) नेहमी खाजगी खिडकीतच उघडेल अशी योजना करता येते. वाचकाच्या अज्ञानावर मात करणारा हा उपाय दहा कलमी फलकापेक्षा अधिक परिणामकारक असतो. खाजगी खिडकीने केवळ त्या संगणकावरील खुणा पुसल्या जातात. सेवा पुरविणाऱ्या कंपनीकडील नोंद राहते, हेही वाचकास सांगितले पाहिजे.

पेनड्राइव्ह लावण्यास सरसकट बंदी घालणे हे विषाणूंवरील सोपे उत्तर आहे. परंतु प्रमाणपत्रांच्या प्रती घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याची त्यामुळे अडवणूक होते. तपासणी करून पेनड्राइव्ह वापरू द्यावा. नवीन प्रणाली स्थापित करण्यास व यंत्राची रचना बदलण्यास मात्र मनाई असावी. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वीच्या टंकांत (फाँटमध्ये) लिहिलेला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो, हे अनेकांच्या गोंधळाचे कारण आहे. म्हणून सार्वजनिक संगणकावर युनिकोड मराठी व इन्स्क्रिप्ट कळफलक असणे अगत्याचे होय. छापील प्रतींसाठी कागदाच्या खर्चाइतके शुल्क घेण्यास हरकत नाही. छापून झालेले कागद मुद्रकावर पडून राहू देऊ नयेत. आधारपत्राच्या प्रती अशाच रीतीने भलत्याच्या हाती जातात.

पुस्तके उतरवून घेण्याविषयीही मर्यादा सांगाव्या लागतात. कॉपीराइट अधिनियम, १९५७ प्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचे साहित्य सर्वांस खुले होते. ह. ना. आपटे (१८६४—१९१९) यांच्या कादंबऱ्या कोणीही छापून घ्याव्यात. विद्यमान लेखकाची संपूर्ण कादंबरी अनधिकृत स्थळावरून उतरविण्यास ग्रंथालयाने साहाय्य करू नये. अभ्यासासाठी थोडा भाग घेणे हा न्याय्य वापर मानला जातो.

साहाय्याची मर्यादा : ग्रामीण ग्रंथालयात खरा पेच येथे निर्माण होतो. कळफलकाची सवय नसलेला वाचक ग्रंथपालास ‘तुम्हीच भरून द्या’ म्हणतो आणि आधार क्रमांक, परवलीचा शब्द, भ्रमणध्वनीवर आलेला संकेतांक मोठ्याने सांगू लागतो. भोवतीचे चार वाचक ते ऐकतात. ग्रंथपालाने नकार दिल्यास वाचकाला शुल्क घेणाऱ्या केंद्राकडे जावे लागते. होकार दिल्यास पुढे काही गैर घडल्यावर संशय ग्रंथपालावरच येतो. परदेशांतील नियमावल्यांत सेवकाने वाचकाच्या वतीने अर्ज भरू नये, एवढे सांगून हा प्रश्न मिटविलेला असतो. येथे ते पुरेसे नाही, कारण त्याचा अर्थ गरजूला परत पाठविणे असा होतो. व्यवहार्य मार्ग असा, की अर्जातील नाव, पत्ता, शाळा इ. सर्वसाधारण मजकूर सेवकाने वाचकाच्या उपस्थितीत टंकलिखित करून द्यावा. परवलीचा शब्द व संकेतांक मात्र वाचकाने स्वतःच, कितीही वेळ लागला तरी, एकेक कळ दाबून भरावा. त्या वेळी सेवकाने पडद्यापासून दूर व्हावे. वाचकाची कागदपत्रे ग्रंथालयाच्या संगणकात ‘पुढच्या वेळेसाठी’ म्हणून ठेवून घेण्याचा आग्रह वाचकाकडूनच होतो. तो मान्य करू नये. बागायती जमिनीचे व्यवहार ज्या भागात मोठ्या किमतीचे होतात, तेथे सातबारा, आधारपत्र व स्वाक्षरी एकाच ठिकाणी साठलेली असणे विशेष जोखमीचे असते. फसवणूक झाल्याचे ध्यानात येताच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदविण्यास वाचकाला मदत करणे हे सेवकाचे काम मानावे; आरंभीच्या काही तासांत तक्रार झाल्यास रक्कम गोठविली जाण्याची शक्यता अधिक असते.

नियमभंग झाल्यास प्रथम तोंडी समज, नंतर काही दिवस संगणक बंद आणि गंभीर गुन्ह्याचा संशय असल्यास पोलिसांत वर्दी, असा क्रम सामान्यतः योजतात. संशयित गुन्ह्याच्या प्रसंगी संगणक कोरा न करता तसाच बाजूला ठेवावा, अन्यथा पुरावा नष्ट होतो. बंदीविरुद्ध कार्यकारी मंडळाकडे दाद मागण्याची सोय असावी. संगणक वापरण्यास मनाई झालेल्या वाचकाची ग्रंथदेवघेव आणि वर्तमानपत्रांचे वाचन मात्र चालूच राहते. एका सुविधेवरील बंदी दुसऱ्या सुविधेला लागू करण्याचा अधिकार ग्रंथपालाकडे नसावा.